पायथ्याशी उभी दिसणारी गाडी

माझ्या पहिल्या मालकाचा मला अजून राग येतो. मधे इतकी वर्षं गेली, नोकऱ्या बदलल्या, केस पिकले, पण गाडी महाडात शिरली आणि बाजारपेठेच्या टोकाची त्याच्या ऑफिसची ती दुमजली इमारत दिसली, की माझे दात आपोआप आवळले जातात. आई म्हणायची, जाऊ दे, झालं ते झालं. मला ते जमलं नाही, आणि जमावं असं वाटतही नाही.

मी महाडचीच. वडील औद्योगिक वसाहतीत पाळीवर जायचे. आमच्या घरातलं जेवण, झोप आणि भांडणं, सगळं त्यांच्या पाळीवर ठरायचं. मी पुण्याला जाऊन कॉम्प्युटर इंजिनिअर झाले. बरोबरच्या मुली पुण्यातच चिकटल्या, काही बंगळुराला गेल्या. मी आईच्या दुखण्यामुळे परत आले. तेव्हाच्या महाडात कॉम्प्युटर म्हणजे टायपिंग क्लासच्या मागच्या खोलीतली दोन मशीनं. माझ्या शिक्षणाचं तिथे लोणचंच झालं असतं, पण नेमक्या त्याच सुमाराला या पहिल्या मालकांनी कंपनी काढली.

काम सांगायला सोपं होतं. कारखान्यांचा माल टँकरमधून आणि ट्रकमधून जायचा. ॲसिड, सॉल्व्हंट, पावडरीचे ड्रम. गाडी एकदा फाटकाबाहेर पडली की पोचेपर्यंत ती कुठे आहे ते कुणाला कळायचं नाही. आम्ही गाडीच्या केबिनमध्ये टिफिनएवढी एक डबी बसवायचो. ती उपग्रहांवरून स्वतःची जागा काढायची आणि मोबाईलच्या नेटवर्कवरून दर अर्ध्या मिनिटाला आमच्या सर्व्हरला निरोप पाठवायची: मी या अक्षांशावर, या रेखांशावर, एवढ्या उंचीवर, एवढ्या वेगाने, इतके वाजलेत. आमचा प्रोग्राम तो निरोप वाचायचा, साठवायचा आणि नकाशावर गाडीचा ठिपका पुढे सरकवायचा. कारखान्यातल्या साहेबाने खुर्चीत बसून बघायचं. ड्रायव्हर लोक त्या यंत्राला डबीच म्हणायचे. काही जण चिडून मालकाची सासू म्हणायचे.

पहिला प्रोग्राम मीच लिहिला होता, आणि सुरुवातीच्या चाळीसेक गाड्यांना तो पुरून उरला. निरोप आला, वाचला, साठवला, दाखवला, मग पुढचा. एकामागून एक. बँकेत एकच खिडकी असावी आणि पासबुक भरून देणारा, पैसे मोजणारा, सही तपासणारा माणूसही एकच असावा, तसं. गिऱ्हाईक कमी असेपर्यंत चालतं. पण मालक विकण्यात हुशार होते. महाड झालं, मग रोहा झालं, खेडच्या बाजूचे कारखाने झाले, वाळूच्या गाड्या आल्या, कामगारांच्या बसगाड्या आल्या. शेकड्यांनी डब्या लागल्या. आणि त्या सगळ्यांच्या निरोपांना माझी ती एकच खिडकी.

डोंगराळ मुलुखात आणखी एक भानगड असते. घाटात रेंज नसते. मग डबी निरोप पोटात साठवून ठेवते आणि रेंज मिळाली की सगळे एकदम ओकते. पावसाळ्यात वीज जायची, मोबाईलचा टॉवर बंद पडायचा. टॉवर पुन्हा सुरू झाला की त्या टापूतल्या सगळ्या गाड्या आपापलं पोट एकाच वेळी रिकामं करायच्या. आमच्या सर्व्हरसमोर निरोपांची रांग लागायची आणि ती संपता संपायची नाही. नकाशा मात्र चालू असायचा. ठिपके मजेत सरकत असायचे. फक्त ते मघाचे असायचे.

हे मी मालकांना सांगितलं. एकदा नाही, येता जाता सांगितलं. निरोप घेणारा प्रोग्राम वेगळा करू, साठवणारा वेगळा करू, गाड्यांची वाटणी करून तीन-चार मशीनवर काम विभागू, म्हणजे उद्या दुप्पट गाड्या आल्या तरी आणखी मशीन जोडत जाता येईल. मी फळ्यावर चित्र काढून दाखवलं.

"आत्ता चालतंय ना?" ते म्हणाले.

"चालतंय, पण मागे पडतं. पडद्यावरची गाडी कधी पाच मिनिटं जुनी असते, कधी वीस. पावसात तर सांगताच येत नाही."

"मग? गाडी काय पळून जाणार आहे? चाकं आहेत तिला, पंख नाहीत."

आणि हसले. स्वतःच्या विनोदावर ते नेहमी आधी हसायचे.

मशीन घ्यायचं नाही तर नका घेऊ, असं मी शेवटी म्हणाले. पण एक गोष्ट फुकट होती. प्रत्येक ठिपक्याशेजारी मी बारीक अक्षरात वेळ दाखवत असे: ही जागा इतक्या वाजताची. बघणाऱ्याला निदान कळे की आपण मागचं बघतोय. एके सोमवारी मी ऑफिसात आले तर ती वेळ गायब. मालकांनी पुण्याच्या कुणा कॉम्प्युटरचे पडदे सजवणाऱ्याकडून नवा नकाशा करून आणला होता. गुळगुळीत, सुंदर. प्रत्येक गाडी म्हणजे उघडझाप करणारा हिरवा ठिपका, आणि वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरात लिहिलेलं: लाईव्ह.

"वेळ कुठे गेली?" मी विचारलं.

"काढली. गिऱ्हाइकाला उगाच शंका येतात. फोन करून विचारत बसतात, हे दहा मिनिटांपूर्वीचं का."

"सर, पण ते दहा मिनिटांपूर्वीचंच असतं."

"अगं, लोकांना मनःशांती हवी असते. आपण ती विकतो."

मी त्या दिवशी खूप भांडले. माझा आवाज खालच्या मेडिकलवाल्यापर्यंत गेला असं नंतर कळलं. ते शांतपणे म्हणाले, तू तुझं कोडिंग बघ, धंदा मी बघतो. नवा नकाशा त्या पुण्याच्या माणसाच्या ताब्यात राहिला, मला त्याला हात लावायची परवानगी नव्हती.

त्यानंतरच्या श्रावणातली गोष्ट. आदल्या दिवसापासून पाऊस लागून राहिला होता. पोलादपूरच्या बाजूचा टॉवर सकाळभर बंद होता. दुपारी तो सुरू झाला आणि रांग फुगायला लागली. मी खुर्चीतून बघत होते, घड्याळाप्रमाणे आकडा चढत होता, उतरायचं नाव नाही.

तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. एका कारखान्याचे माल रवाना करणारे अधिकारी होते. त्यांचा ड्रमने भरलेला ट्रक सकाळी निघाला होता, पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून वाईकडे जायचा होता. वाईवाले ओरडत होते, माल आला नाही. ड्रायव्हरचा मोबाईल लागत नव्हता.

मालकांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. हिरवा ठिपका घाटाच्या पायथ्याशी होता. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीजवळ. वेग शून्य.

"उभी आहे हो गाडी," ते फोनवर म्हणाले. "खालीच उभी आहे. घाट चढलाच नाही तो. बराच वेळ झाला दिसतंय." मग पलीकडचं ऐकलं आणि आवाज बदलला. "हां, तेच असणार. ड्रम उतरवून विकत असेल. ही माणसं अशीच. काळजी करू नका, पुरावा आहे आपल्याकडे."

मी खुर्चीतून उठले. "सर, रांग भयंकर वाढलीय. ती गाडी आत्ता तिथे असेलच असं नाही."

त्यांनी मला हाताने गप्प बसवलं.

अधिकाऱ्यांनी ड्रायव्हरच्या धाकट्या भावाला गाठलं. तो त्याच कारखान्यात पाळीवर होता. तुझा भाऊ टपरीपाशी माल विकतोय, जा आणि त्याला घेऊन ये, असं त्याला सांगितलं. तो पावसात मोटारसायकल घेऊन सुटला. टपरीवरून त्याने आमच्याच ऑफिसला फोन केला. तिथे टपरीवाल्याकडे लँडलाईन होती. फोन मी उचलला.

"ताई, हितं गाडी नाय. टपरीवाला बोलतोय, सकाळी च्या पिऊन कवाच गेला वर."

मी मालकांना सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"नीट बघ रे. आडबाजूला लावली असेल. इथे दिसतेय ना मला, समोर, हिरवी. मशीन खोटं बोलत नाही, माणसं बोलतात."

फोन ठेवला आणि मला म्हणाले, "सामील असणार हाही."

मी जागेवर येऊन बसले. नकाशाला हात लावायची मला बंदी होती, पण रांगेला नव्हती. न वाचलेले निरोप सर्व्हरवर ढिगाने पडून होते. त्यातून फक्त त्या एका गाडीचे निरोप वेचून काढायचे, एवढा छोटा प्रोग्राम लिहिला. चुकला, पुन्हा लिहिला. आणि पडद्यावर ओळी यायला लागल्या.

गाडी टपरीवरून निघाली होती. घाट चढत होती. उंची ओळीओळीने वाढत होती, वेग कमीजास्त होत होता, वळणावर वळण. मग एका ओळीला वेग होता आणि पुढच्याच ओळीला उंची एकदम खाली आलेली. गाडी पुढे गेलेली नाही, मागे आलेली नाही, फक्त खाली. त्यानंतर वेग शून्य. आणि मग तीच जागा, पुन्हा तीच जागा, पुन्हा तीच. दरीच्या त्या कुशीला महाबळेश्वरच्या बाजूची रेंज कशीबशी पोचत असावी. तासाभराहून अधिक काळ ती डबी दरीतून सांगत होती की मी इथे आहे. आम्ही मात्र तिचं सकाळचं बोलणं बघत तिच्या ड्रायव्हरला चोर म्हणत बसलो होतो.

"सर, गाडी दरीत आहे."

त्यांनी ओळी पाहिल्या. वाचता येत होत्या त्यांना, तेवढं तांत्रिक ज्ञान होतं. चेहरा उतरला. आणि त्यानंतर त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते हे:

"हे आत्ता कुणाला बोलू नकोस. आधी खात्री करू."

मी पोलिसांना फोन लावला. त्यांची जीप दुसऱ्याच ठिकाणी, दरड आली होती तिकडे गेलेली. येतो म्हणाले, वेळ लागेल म्हणाले. मग टपरीवर फोन केला. भाऊ अजून तिथेच होता. त्याला म्हटलं, हलू नकोस, मी येते. नव्या गाड्यांच्या डब्या तपासायला आमच्याकडे हातात धरायचं एक यंत्र होतं, जागा दाखवणारं. ते मी कपाटातून काढलं, त्यात दरीतल्या त्या जागेचे आकडे भरले, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं.

"कुठे निघालीस? पाऊस बघ बाहेर. आणि ते यंत्र महागाचं आहे," मालक म्हणाले.

खोटं सांगत नाही, हेच म्हणाले. मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर ते आज इथे लिहिण्यासारखं नसतं.

पोलादपूरला जाणारी मिनीडोअर रिक्षा मिळाली. पोलादपूरहून दुसरी करून टपरीपर्यंत गेले. भाऊ दाराशी भिजत उभा होता. त्याला सांगितलं काय ते. त्याने एकदाच विचारलं, "जित्ता हाय का?" मी म्हटलं, माहीत नाही. त्याने गाडीला किक मारली.

घाटात धुकं इतकं दाट होतं की पुढचं चाक दिसत नव्हतं. मी मागे बसून पिशवीतल्या यंत्राकडे बघत अंतर ओरडून सांगत होते. अंतर कमी होत गेलं आणि एका वळणानंतर पुन्हा वाढायला लागलं. आम्ही मागे फिरलो. तिथे कठडा नव्हताच. करवंदीच्या जाळीला एक मोठं खिंडार पडलेलं होतं, आणि पावसाने चाकांच्या खुणा केव्हाच धुऊन नेल्या होत्या. धुक्यात शेजारून कितीतरी गाड्या गेल्या असतील. कुणालाही दिसण्यासारखं काही नव्हतं.

भावाने दरीकडे तोंड करून हाक मारली. "दादाऽऽ!"

काही नाही. पाऊस आणि ओढ्याचा आवाज. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्या हाकेला खालून काहीतरी आलं. त्याला हाक म्हणता येणार नाही, पण माणसाचं होतं.

भाऊ तसाच उतरायला निघाला, मी त्याचा शर्ट धरला. तोही गेला असता. तेवढ्यात वरच्या अंगाने माणसं आली. घाटमाथ्याकडच्या एका वाडीतली, गुरं-शेरडं पाळणारी. गुरं आणायला निघाली होती, हाक ऐकून वळली. तीन पुरुष आणि एक बाई. डोक्यावर घोंगड्या, हातात काठ्या. काय झालं ते ऐकल्यावर कुणी चर्चा केली नाही. एक जण वाडीवर पळाला आणि गुरांचे दोर घेऊन आला, बरोबर आणखी दोघांना. दोर आंब्याच्या बुंध्याला बांधले. बाई मला म्हणाली, "तू हितंच ऱ्हा गो बाय. गाडी आली तर थांबव."

मी रस्त्यात उभी राहिले. खाली ते होते, आवाज येत होते. "हळू रे." "पाय अडाकलाय." "लोखंड उचल, लोखंड." त्यांनी घोंगडी आणि बांबूची झोळी केली आणि त्याला वर घेऊन आले. तो शुद्धीवर होता. उजवा पाय गुडघ्याखाली केबिनमध्ये चेपला होता. अंगाला पावडरीचा वास होता. पोलिसांची जीप तेव्हा आली. त्यांनी त्याला झोळी-दोरासकट उचलून मागे ठेवला आणि पोलादपूरच्या दवाखान्यात नेला, तिथून पुढे मुंबईला.

पाय गेला. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला सांगितलं की आणखी थोडं आधी आणता आलं असतं तर कदाचित वाचवता आला असता. कदाचित, असं म्हणाले. हे ती मला सांगत होती तेव्हा तिच्या मनात माझ्याविषयी काही नव्हतं, ती आपली दुःख सांगत होती. मी मात्र ते 'थोडं आधी' म्हणजे काय ते जाणून होते. ते आमच्या रांगेत पडून होतं.

इथपर्यंतचा राग मी कदाचित गिळलाही असता. पुढचं मात्र गिळता आलं नाही.

महिन्याभराने एका स्थानिक पेपरात मोठी बातमी आली: उपग्रहाने वाचवला ड्रायव्हरचा प्राण. मालकांचा फोटो, मागे नकाशा, नकाशावर हिरवे ठिपके. वाडीतल्या लोकांबद्दल अर्धी ओळ, 'ग्रामस्थांच्या मदतीने'. आणि मग हायवेवरच्या हॉटेलात सत्कार समारंभ ठरला. सगळ्या कारखान्यांचे अधिकारी बोलावले. ड्रायव्हरला कुबड्यांवर आणला, पहिल्या रांगेत बसवला. वाडीतल्या कुणाला बोलावणं नव्हतं. मी विचारलं तर मालक म्हणाले, त्यांना इतक्या लांब कशाला त्रास.

मालक अर्धा तास बोलले. गाडी दरीत कोसळताच आमच्या यंत्रणेने क्षणात जागा टिपली, असं म्हणाले. क्षणात, हा शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा वापरला. मग मला स्टेजवर बोलावलं, पुष्पगुच्छ दिला, आणि दोन शब्द बोला म्हणाले.

मी माईक घेतला. "गाडी दरीत पडल्यावर तासाभराहून जास्त वेळ आमच्या पडद्यावर ती पायथ्याशी उभी दिसत होती," मी म्हणाले. "पडद्यावर लाईव्ह लिहिलेलं असतं, ते खरं नसतं. आजही नाही. सर्व्हर कमी पडतो. हे आधीपासून माहीत होतं."

मालकांनी हसत हसत दुसरा माईक उचलला. "आमच्या मॅडम फार परफेक्शनिस्ट आहेत. स्वतःच्या कामावर कधीच समाधानी नसतात. अशी माणसं लागतात कंपनीला. टाळ्या!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आयुष्यात इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं. मी खरं बोलले होते आणि त्याची जाहिरात झाली होती.

मग ड्रायव्हरला शाल घालायला मालक खाली उतरले. तो कुबडीवर उभा राहिला. शाल खांद्यावर येणार तोच त्याने हाताने ती बाजूला केली.

"शाल नको सायेब. मी खाली पडलो व्हतो तवा माल इकतोय असं कोण बोल्लं?"

"अरे, तो गैरसमज झाला होता..."

"कोण बोल्लं?"

माईक मालकांच्या हातातच होता, आणि ड्रायव्हरचा आवाज त्यातून सगळीकडे गेला होता. पहिल्या रांगेतून ते माल रवाना करणारे अधिकारी उठले. जाडे, घामेजलेले, एरवी कुणाशी धड न बोलणारे गृहस्थ. "मी पण बोललो होतो," ते म्हणाले. "पडदा बघून बोललो. चूक झाली, माफ कर." मालकांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि जेवण तयार असल्याचं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी ते अधिकारी ऑफिसात आले आणि थेट माझ्या टेबलाशी बसले. काल जे म्हणालात ते दाखवा, म्हणाले. मी दाखवलं. रांग, तिची लांबी, पडद्यावरचा ठिपका आणि त्या गाडीचा रांगेतला शेवटचा निरोप, दोन्ही शेजारी शेजारी. ते मालकांच्या केबिनमध्ये गेले. दार बंद होतं, पण मी आधी ज्या आवाजात भांडले होते त्याहून मोठ्या आवाजात ते बोलत होते. हे नीट झालं नाही तर आमच्या सगळ्या गाड्यांमधल्या डब्या काढून तुमच्या दारात टाकीन, हे वाक्य खालच्या मेडिकलवाल्यानेही ऐकलं असेल.

एका माणसाच्या पायाने जे झालं नाही ते गिऱ्हाईक जाण्याच्या भीतीने झालं. मशीनं आली.

मी तेव्हाच राजीनामा देणार होते. सगळ्यांना वाटलं होतं तसंच. पण त्या गाड्या अजून घाटात होत्या, त्यांचे ड्रायव्हर होते, आणि मी गेले तर मालक पुन्हा पुण्याच्या कुणाकडून रंगरंगोटी करून घेणार हे मला दिसत होतं. म्हणून थांबले, आणि दात-ओठ खात ते काम केलं. निरोप घेणारा प्रोग्राम वेगळा केला, तो फक्त घेई आणि पोच देई, दुसरं काही नाही. गाड्यांची वाटणी केली, प्रत्येक मशीनला आपापल्या गाड्या. ताजा निरोप आधी नकाशावर जाईल आणि घाटात साठून राहिलेले जुने निरोप वेगळ्या वाटेने मागाहून इतिहासात आपल्या जागी बसतील, अशी सोय केली. निरोप कधी पोचला यावर नव्हे तर डबीने तो कधी लिहिला यावर सगळं ठरू लागलं. नकाशा मी परत माझ्या ताब्यात घेतला. ठिपक्याशेजारी वेळ आली. बातमी जुनी झाली की ठिपका पिवळा होई, आणखी जुनी झाली की राखाडी. 'लाईव्ह' हा शब्द मी स्वतः पुसला. पुढच्या पावसाळ्यात टॉवर पडले, उठले, निरोपांचे लोंढे आले, आणि सगळं टिकलं. ते टिकलेलं बघितलं आणि मग राजीनामा टेबलावर ठेवला. मालक म्हणाले, आता सगळं छान चाललंय आणि आता कुठे चाललीस. मी म्हटलं, म्हणूनच.

जायच्या आधी मी आणि ड्रायव्हरची बायको त्या वाडीवर जाऊन आलो. ताक दिलं त्यांनी, विचारपूस केली, तो चालतो का म्हणाले. निघताना ती बाई जरा अवघडून म्हणाली, "आमचं दोर पोलिसांच्या गाडीतनं गेलं ते गेलंच. गावलं तर बघा." गुरांचे दोर. ज्या दोरांनी तो माणूस वर आला, ते महिनोन्महिने कुणाला परत द्यायचं सुचलं नव्हतं. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. पोलादपूरच्या बाजारातून नवे दोर घेऊन आम्ही पुन्हा चढून दिले.

ड्रायव्हरने पुढे पोलादपूरला हायवेवर पंक्चरचं दुकान टाकलं. भाऊ पाळीवरून सुटला की मदतीला असतो. बरं चाललंय.

काही वर्षांनी पुण्यातल्या एका प्रदर्शनात मला जुन्या कंपनीचा स्टॉल दिसला. आता ती मोठी झाली होती. टेबलावर चकचकीत माहितीपत्रकांची चळत होती आणि त्यांच्या दुसऱ्या पानावर कुबड्यांवर उभा असलेला तो ड्रायव्हर. फोटो समारंभातलाच. मालक त्याच्या खांद्यावर शाल घालताहेत असा क्षण नेमका निवडला होता. त्याने ती बाजूला सारली त्याच्या आधीचा. खाली लिहिलं होतं: आम्ही क्षणात पोचतो.

मी स्टॉलवरून तडक बाहेर आले आणि त्याला फोन लावला. सांगितलं, तुझा फोटो वापरताहेत, तुला विचारलं का कुणी? आपण त्यांना नोटीस पाठवू, मी वकील बघते.

"मला कोण इचारतोय," तो म्हणाला. मागे हवा भरायच्या पंपाचा आवाज येत होता. "फोटू बरा आलाय का पण?"

आणि मोठ्याने हसला. मी हसले नाही.